ताहितीच्या शेवटच्या राजानं राज्य दारूपायी विकलं का?

प्रश्न असा आला आहे: "ताहितीचा शेवटचा राजा पाचवा पोमारे यानं फ्रान्सकडून पेन्शन घेऊन राज्य विकलं आणि उरलेलं आयुष्य दारूत घालवलं, असं वाचलं. हे खरं का? आणि एवढ्याशा बेटावर राजे आले कुठून?"

पेन्शन घेतली हे खरं. दारू प्यायचा हेही खरं. खटकतो तो "विकलं" हा शब्द. १८८० साली विकण्यासारखं फारसं काही त्याच्या हातात राहिलंच नव्हतं. राज्य गेलं ते त्याच्या आईच्या काळात, १८४२ ते १८४७ या पाच वर्षांत. मी वसाहतींचा इतिहास बरीच वर्षं शिकवतो आहे, आणि पॅसिफिकचा विषय निघाला की वर्गात कोणीतरी ही बाटलीची गोष्ट काढतंच. गोष्ट चटकदार आहे म्हणून टिकली आहे. मी मात्र तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण राजे कुठून आले हे कळलं की ते कसे गेले हे निम्मं कळतं.

नकाशात ताहिती आठच्या आकड्यासारखं दिसतं. मोठा गोल म्हणजे ताहिती नुई, धाकटा ताहिती इती, आणि मध्ये ताराव्हाओची चिंचोळी पट्टी. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत या बेटाला एक राजा नव्हता. किनाऱ्याकिनाऱ्यानं जिल्हे होते आणि प्रत्येकाचा आपापला 'आरीई', म्हणजे कुलीन सरदार. कोण मोठा, कोण धाकटा हे किती जमीन ताब्यात आहे यावर ठरत नसे. कुळाची वंशावळ किती लांब, कुठल्या मराएवर, म्हणजे दगडी पूजास्थानावर, तुमचा बसायचा दगड आहे आणि कंबरेला कुठला पट्टा बांधायचा अधिकार आहे, यावर मान ठरे. सर्वांत मानाचा पट्टा 'मारो उरा', लाल पिसांचा. युद्धदेव ओरो याच्या पंथाबरोबर तो राइआतेआ बेटावरच्या तापुतापुआतेआ या मराएकडून ताहितीत आला. पट्टा एकदाच शिवून संपत नसे. नव्या मानकऱ्याबरोबर त्याला नवा तुकडा जोडला जाई, त्यामुळे तो पट्टा म्हणजे एक प्रकारची बखरच होती, फक्त पिसांत लिहिलेली.

या बखरीत जून १७६७ मध्ये एक परका तुकडा घुसला. सॅम्युअल वॉलिस या इंग्रज कप्तानाचं 'डॉल्फिन' जहाज उत्तर किनाऱ्यावरच्या मातावाईच्या उपसागरात शिरलं. ताहितीच्या लोकांनी होड्यांतून दगडफेक केली, जहाजानं तोफा डागल्या, माणसं मेली, आणि मग व्यापार सुरू झाला. वॉलिसनं किनाऱ्यावर निशाण रोवून बेट आपल्या राजाच्या नावानं घेतल्याचं जाहीर केलं. ताहितीच्या लोकांनी त्या निशाणाचं काय करावं? ते उतरवून नेलं आणि त्याचं लाल कापड मारो उरामध्ये शिवून टाकलं. दहा वर्षांनी जेम्स कूक या इंग्रज दर्यावर्दीनं पट्टा पाहिला तेव्हा ते कापड त्यात होतं. इंग्रजांच्या लेखी बेट इंग्लंडचं झालं होतं. ताहितीच्या लेखी इंग्लंडचा मान ताहितीच्या पट्ट्यात जमा झाला होता. पुढच्या शंभर वर्षांची अर्धी गोष्ट मला या एका शिवणीत दिसते.

त्या वेळी बेटावर चढती कमान होती दक्षिणेकडच्या पापारा जिल्ह्याची. तिथली पुरेआ आणि तिचा नवरा आमो यांनी मुलगा तेरीइरेरे याच्यासाठी माहाइआतेआ इथं अकरा पायऱ्यांचा प्रचंड मराए बांधायला घेतला. मुलाला सगळ्यांच्या वर बसवायचा बेत होता. शेजाऱ्यांना तो मानवला नाही. १७६८ च्या अखेरीला त्यांनी पापारावर चाल केली आणि कत्तल केली. पुढच्या वर्षी कूक आणि त्याचे सोबती तिकडून गेले तेव्हा किनाऱ्यावर हाडं पडलेली होती. वॉलिसनं जिला ताहितीची राणी समजून भेटी दिल्या होत्या, ती पुरेआ एव्हाना हरलेली सरदारीण होती. युरोपियनांचा पहिला अंदाज असा साफ चुकला.

दुसरा अंदाजही चुकलाच, पण तो त्यांनी स्वतःच खरा करून दाखवला. मातावाईला लागून पारे-आरुए हा भाग. तिथला तरुण आरीई तू. वंशावळीनं चांगला, पण बळानं बेटात पहिला नक्कीच नाही. कूकला मात्र व्यवहाराला एक माणूस हवा होता. पाणी, लाकूड, डुकरं, पळालेले खलाशी परत आणणं, यासाठी दहा सरदारांची मनधरणी कोण करणार? त्यानं तूला राजा धरलं. मागून येणाऱ्या प्रत्येक जहाजानं कूकचंच गिरवलं. जहाज मातावाईलाच नांगर टाकणार, भेटी तूलाच मिळणार, लोखंड आणि पुढे बंदुका त्याच्याच घरी जाणार. १७७७ मध्ये कूकनं आपल्या चित्रकाराकडून काढवून घेतलेलं स्वतःचं चित्र तूला दिलं. तूनं ते जपून ठेवलं, आणि नंतर येणाऱ्या कप्तानांना ते दाखवून त्याच्या पाठीवर येण्या-जाण्याच्या तारखा लिहून घेतल्या. मला या माणसाचं कौतुक वाटतं. त्याच्याकडे सैन्य नव्हतं, पण पाहुण्यांची वही होती, आणि ती वहीच त्याची सनद झाली.

म्हणून पोमारे घराणं युरोपियनांनी "तयार केलं" असं सरसकट म्हणू नका. बंदर त्यांच्या दारात होतं, त्याचा उपयोग कसा करायचा हे त्यांना कळलं. बळ मात्र बाहेरून आलं, हे लक्षात ठेवा.

'बाउंटी' जहाजाचं बंड बहुतेकांना ऐकून माहीत असतं. वेस्ट इंडिजमधल्या गुलामांना स्वस्त खाणं मिळावं म्हणून नीरफणसाची (ब्रेडफ्रूटची) रोपं न्यायला 'बाउंटी'चा कप्तान ब्लाय १७८८ मध्ये मातावाईला आला, १,०१५ रोपं घेऊन १७८९ च्या एप्रिलमध्ये निघाला आणि त्याच महिन्यात त्याच्या खलाशांनी त्याला होडीत बसवून सोडून दिलं. ताहितीच्या इतिहासात महत्त्वाचं काय, तर 'बाउंटी'वरच्या माणसांपैकी सोळाजण ताहितीत परत येऊन राहिले, आणि १७९० च्या लढायांत त्यांच्या बंदुका तूच्या बाजूनं चालल्या. तोवर मारो उरा पश्चिमेकडच्या आतेहुरु भागात ठेवलेला असे. तो आता पारेला आला. १७९१ च्या फेब्रुवारीत तूच्या मुलाला तो बांधण्यात आला. पुढच्या वर्षी ब्लाय पुन्हा आला तेव्हा त्या पट्ट्यात त्याला 'बाउंटी'वरच्या न्हाव्याचे तांबूस केसही लावलेले दिसले. बखरीला आणखी एक पान जोडलं गेलं.

मुलाला पट्टा का, बाप जिवंत असताना? तिथली रीत तशी होती. थोरल्या मुलाचा जन्म झाला की किताब त्याचा, आणि बाप त्याच्या वतीनं कारभार बघायचा. त्यामुळे कागदपत्रांत बाप-लेकांची नावं सतत अदलाबदल होतात. तू पुढे 'पोमारे' झाला. 'पो' म्हणजे रात्र, 'मारे' म्हणजे खोकला. घरातलं एक मूल रात्री खोकून खोकून गेलं, त्या दुःखावरून हे नाव घेतल्याचं सांगतात. आता गंमत बघा. राजाच्या नावातला शब्द इतरांनी उच्चारायचा नाही अशी 'पी' नावाची बंदी होती. आपल्याकडे जुन्या घरांत सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नसे आणि त्या नावाशी जुळणारा शब्द आला तरी वळसा घालून बोलायचं, तसंच; फक्त इथं अख्खं बेट सून. रात्रीला 'पो' म्हणणं बंद झालं, 'रूई' सुरू झालं. खोकला 'होता' झाला. पाण्याचा 'वाई' जाऊन 'पापे' आला, आणि वाईएते नावाचं गाव पापेएते झालं. तेच आज फ्रेंच पॉलिनेशियाची राजधानी आहे.

१७९७ च्या मार्चमध्ये 'डफ' जहाजातून लंडन मिशनरी सोसायटीचे लोक उतरले, तेही मातावाईलाच. पहिली पंधरा-सोळा वर्षं त्यांच्या पदरात काही पडलं नाही. बरेचजण वैतागून सिडनीला निघून गेले. पहिला पोमारे १८०३ मध्ये वारला. त्याच्या मुलानं, दुसऱ्या पोमारेनं, ओरोची मूर्ती आपल्याकडे खेचायचा हट्ट धरून आधीच शत्रू करून ठेवले होते. १८०८ मध्ये त्याचा पराभव झाला आणि तो समोरच्या मोओरेआ बेटावर पळाला. आता इथं धर्माची गोष्ट सांगायची पद्धत आहे. मी डुकरांपासून सुरुवात करतो. १८०१ पासून न्यू साउथ वेल्सच्या वसाहतीला ताहितीचं खारवलेलं डुकराचं मांस लागत होतं आणि त्याच्या बदल्यात बंदुका-दारूगोळा मिळत होता. या व्यापाराच्या वाटेवर पोमारे बसला होता, आणि सिडनीशी त्याचे दुवे मिशनऱ्यांच्याच हातात होते. ओरोनं साथ सोडली असं त्याला मनापासून वाटलं असेल, त्यावर मी शंका घेत नाही. पण १८१२ मध्ये मोओरेआवर त्यानं नवा देव स्वीकारायची इच्छा जाहीर केली तेव्हा त्याच्याकडे गमवायला जुना देव उरला नव्हता आणि मिळवायला बंदर होतं.

नोव्हेंबर १८१५ मध्ये पुनाआउइआजवळ ते फेई पी इथं लढाई झाली. ऐन प्रार्थनेच्या वेळी हल्ला आला. जुन्या धर्माच्या बाजूचा पापाराचा सरदार ओपुहारा पडला आणि लढाई संपली. पोमारेनं त्यानंतर जे केलं ते तिथल्या युद्धरीतीत बसणारं नव्हतं: हरलेल्यांचा पाठलाग करायचा नाही, बायकामुलांना हात लावायचा नाही असा हुकूम दिला. माझ्या मते बेट ख्रिस्ती झालं ते त्या दिवशी, आणि प्रवचनांपेक्षा या हुकमामुळे झालं. घरचे देव त्यानं मिशनऱ्यांच्या हाती सोपवून लंडनला पाठवून दिले. १८१७ मध्ये मोओरेआवर छापखाना आला तेव्हा पहिले खिळे जुळवायला राजा स्वतः बसला. १८१९ मध्ये लेखी कायदा जाहीर झाला आणि त्याच सुमारास त्याचा बाप्तिस्मा झाला. आरुएजवळ त्यानं बांधलेलं प्रार्थनामंदिर ७१२ फूट लांब होतं, आतून एक ओढा वाहत जायचा, आणि व्यासपीठं तीन, म्हणजे एकाच वेळी तीन प्रवचनं! मिशनऱ्यांनाही ते जरा जास्तच वाटलं होतं. पण मराए बांधणाऱ्या कुळातला माणूस होता तो; देव बदलला तरी मोठेपण दगड-लाकडातच दाखवायचं, हे बदललं नव्हतं.

हा दुसरा पोमारेही सडकून प्यायचा. १८२१ मध्ये वारला. त्याच्यावर मात्र राज्य बाटलीत घालवल्याचा शिक्का कोणी मारत नाही, कारण तो जिंकला होता.

त्याचा मुलगा, तिसरा पोमारे, चार वर्षांचाही नव्हता तेव्हा १८२४ मध्ये मिशनऱ्यांनी त्याला युरोपियन थाटात मुकुट घातला. १८२७ च्या जानेवारीत ते मूल गेलं. गादीवर आली त्याची बहीण आइमाता, चौथी पोमारे, वय तेव्हा १३. आइमाता म्हणजे डोळा खाणारी. बळी दिलेल्या माणसाचा डोळा राजापुढे धरायच्या जुन्या विधीवरून आलेलं नाव. हे नाव धारण करणारी मुलगी मिशनऱ्यांच्या शाळेच्या काळात वाढली आणि पन्नास वर्षं गादीवर राहिली. तुमचा प्रश्न खरं तर तिच्याबद्दल असायला हवा होता.

तिच्या वाट्याला आलेलं बेट रोगराईनं खंगलेलं होतं. १७९७ मध्ये मिशनऱ्यांनी माणसं मोजायचा प्रयत्न केला तेव्हा अंदाज सोळा हजारांचा निघाला. तिच्या काळात संख्या आठ-नऊ हजारांच्या घरात आली. पापेएतेत व्हेलच्या शिकारीची जहाजं लागत, रमची दुकानं आणि पळून आलेले खलाशी किनाऱ्यावर. तिचा सल्लागार होता जॉर्ज प्रिचर्ड, आधी मिशनरी, १८३७ पासून ब्रिटिश कॉन्सल.

१८३६ च्या अखेरीला लावाल आणि कारे हे दोन फ्रेंच कॅथलिक पाद्री मांगारेव्हा बेटावरून आले आणि त्यांना जबरदस्तीनं जहाजात बसवून परत पाठवण्यात आलं. यामागे प्रिचर्डचा आग्रह होता, हे उघड आहे. फ्रान्सला निमित्त मिळालं. १८३८ मध्ये दु पेती-थुआर हा नौदल अधिकारी लढाऊ जहाज घेऊन आला: माफीचं पत्र, फ्रेंच निशाणाला तोफांची सलामी, आणि २,००० पियास्त्र (चांदीचे स्पॅनिश डॉलर) दंड, नाहीतर तोफा. राणीच्या तिजोरीत एवढी रक्कमही नव्हती. प्रिचर्ड आणि इतर परदेशी रहिवाशांनी पैसे भरले. ज्या राज्याचा दंड शेजारचे दुकानदार भरतात ते राज्य किती स्वतंत्र, हे दु पेती-थुआरला त्या दिवशी कळलं असणार.

सप्टेंबर १८४२ मध्ये तो परत आला. त्याच वर्षी त्यानं मार्केसास बेटं फ्रान्ससाठी घेतली होती. या वेळी मागणी १०,००० पियास्त्रांची, किंवा मग फ्रान्सचं 'संरक्षण' मागा. प्रिचर्ड बाहेरगावी होता. राणी मोओरेआवर, बाळंतपण अगदी जवळ आलेलं. चार सरदारांनी आधीच मसुद्यावर सह्या केल्या होत्या: राज्यपालक पाराइता, उतामी, हितोती आणि पापाराचा ताती. ही नावं मुद्दाम देतो आहे. ताती हा पापाराचा, म्हणजे १७६८ मध्ये ठेचल्या गेलेल्या आणि १८१५ मध्ये पुन्हा हरलेल्या कुळाचा. त्याच्या दृष्टीनं पोमारे म्हणजे बंदराच्या जिवावर वर चढलेलं घराणं. लंडनचा माणूस त्यांच्या बाजूला, तर पॅरिसचा आपल्या बाजूला का नको? दगाबाजी म्हणणं सोपं आहे. त्याच्या बाजूनं हा जुनाच हिशेब होता. ९ सप्टेंबरला राणीनं सही केली. परराष्ट्र व्यवहार आणि परदेशी लोक फ्रान्सकडे. राणी, सरदार, जमिनी आणि धर्म जसेच्या तसे, असं तो कागद म्हणत होता.

पुढच्या वर्षी प्रिचर्ड परतला, राणीनं आपल्या निशाणावर मुकुट उभारला, दु पेती-थुआरनं तो अपमान मानला, आणि नोव्हेंबर १८४३ मध्ये राणीला पदच्युत करून बेट सरळ खालसा केलं. इथून पुढचं सगळं बातमी पोचायला लागणाऱ्या महिन्यांनी घडवलं. पॅरिसला बातमी १८४४ च्या फेब्रुवारीत पोचली आणि सरकारनं चक्क हात झटकले. इंग्लंडशी बिघाड नको होता. पण "खालसा नाही, फक्त संरक्षण" हे उत्तर ताहितीला पोचेपर्यंत तिथं आग लागली होती. राणी ब्रिटिश जहाजावर आश्रयाला गेली आणि तिथून राइआतेआला. मार्चमध्ये प्रिचर्डला अटक करून हाकललं, तर त्यावरून लंडन आणि पॅरिसची वर्तमानपत्रं युद्धाची भाषा बोलू लागली. फ्रेंच सरकारनं त्याला भरपाई द्यायचं कबूल केलं, त्यावर फ्रेंच संसदेत गदारोळ झाला. प्रिचर्डसाठी दोन महासत्ता इतक्या हमरीतुमरीवर आल्या. राणीनं व्हिक्टोरियाला मदतीसाठी लिहिलेल्या पत्रांतून मात्र एक गलबतसुद्धा आलं नाही.

लढले ते ताहितीचे लोक. १७ एप्रिल १८४४ ला माहाएना इथं समोरासमोर लढाई झाली आणि त्यांचे शंभराहून जास्त लोक पडले. त्यानंतर उघड्यावर लढायची चूक त्यांनी सहसा केली नाही. पुनारुउ, पापेनोओ, फाउताउआ या खोऱ्यांत तटबंद्या केल्या. ताहितीची खोरी ज्यांनी पाहिली नाहीत त्यांनी सह्याद्रीतली ऐन पावसाळ्यातली एखादी नळीची वाट डोळ्यांसमोर आणावी: दोन्ही बाजूंना कडा, वर धबधबा, पाऊलभर वाट. फ्रेंचांना तिथं पावणेतीन वर्षं लागली. डिसेंबर १८४६ मध्ये फाउताउआचा किल्ला पडला तो कडा चढून मागून येणाऱ्या तुकडीमुळे, आणि त्यांना चढवणारा वाटाड्या रापा बेटाचा होता. तहाची बोलणी करणाऱ्यांत पापाराची आरीइताईमाई ही तरुण सरदारीण होती. तिचं नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

१८४७ च्या सुरुवातीला राणी परतली. किताब परत मिळाला, अधिकार मिळाला नाही. त्या वर्षी आणखी एक कागद झाला: इंग्लंड आणि फ्रान्सनं आपसात ठरवलं की राइआतेआ, हुआहिने आणि बोरा बोरा ही शेजारची बेटं स्वतंत्र राहतील आणि ताहितीच्या राज्यकर्त्याच्या सत्तेखाली येणार नाहीत. राणीनं त्यावर आपला उपाय काढला. एक मुलगा राइआतेआच्या गादीवर बसवला, एक मुलगी बोरा बोराच्या. कायद्यानं नसेल तर नात्यानं. आरीईंची ही मूळ कला तिच्यात शेवटपर्यंत होती. ताहितीत मात्र गव्हर्नर कायदे करत राहिला, सरदार फ्रेंच पगारावर गेले, १८६५ पासून आतिमाओनोच्या कापसाच्या मळ्यासाठी चिनी मजूर आले, आणि राणी पापेएतेत पाहुण्यांना भेटत राहिली. १७ सप्टेंबर १८७७ ला ती गेली.

आता तुमचा राजा. पाचवा पोमारे १८३९ चा. म्हणजे संरक्षणाचा करार झाला तेव्हा पुरता तीन वर्षांचाही नव्हता. कळत्या वयात त्यानं स्वतंत्र ताहिती पाहिलंच नाही. त्याची बायको माराउ ही इंग्रज व्यापारी अलेक्झांडर सॅमन आणि वर सांगितलेली आरीइताईमाई यांची मुलगी. म्हणजे पोमारे आणि पापारा ही दोन वैरी कुळं लग्नात बांधली होती, आणि ते लग्न काही टिकलं नाही. माराउच्या मुली आपल्या नाहीत असं राजा म्हणे. वारसाहक्क त्याच्या पुतणीकडे जाणार होता. फ्रेंचांची झोप उडवणारी गोष्ट इथं आहे: पुतणीचं लग्न इंग्रजी बोलणाऱ्या व्यापारी घराण्यात झालं तर? पनामाचा कालवा खणायच्या गोष्टी चालल्या होत्या, त्या वाटेवरचं बंदर हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. जर्मनीही पॅसिफिकमध्ये हिंडत होती. त्यामुळे घाई राजाला नव्हती, पॅरिसला होती.

२९ जून १८८० ला, फ्रेंच अधिकारी शेसे याच्यापुढे, राजानं आणि सरदारांनी घोषणापत्रावर सही केली. राजाला तहहयात पेन्शन, किताब कायम, नातेवाइकांनाही तनखा. बिठूरला आठ लाखांच्या तनख्यावर बसवलेल्या दुसऱ्या बाजीरावाची गोष्ट आपल्याला माहीत असल्यामुळे आपण इथंच थांबतो आणि मान हलवतो. जरा पुढे वाचायला हवं. त्या कागदात अटी आहेत: राज्यकारभार ताहितीचे कायदे आणि चालीरीती लक्षात घेऊन करावा, किरकोळ प्रकरणं जिल्ह्यांच्या मंडळांनी सोडवावीत, आणि जमिनीचे सगळे वाद इथल्याच न्यायमंडळांकडे ठेवावेत. डिसेंबरात फ्रेंच संसदेनं मंजुरी दिली आणि राजाची प्रजा फ्रेंच नागरिक झाली. आफ्रिका-आशियातल्या वसाहतींत फ्रान्सनं हे सहसा दिलं नव्हतं.

दारूसाठी कागद विकणारा माणूस जमिनीच्या खटल्यांची अट घालत नाही. ती अट सरदारांची होती, हे मी पैजेवर सांगेन. किताब आणि निशाण पोमारेंचं, ते बंदरातून आलं होतं आणि बंदरातूनच गेलं. जमीन कुळांची, ती त्यांनी आपल्या परीनं कागदात बांधून ठेवली. ती गाठही फार वर्षं टिकली नाही, पण गाठ मारली होती हे विसरू नये.

आणि राजाच्या सहीनं सगळं संपलंही नाही. राइआतेआ, हुआहिने, बोरा बोरा यांना त्या १८४७ च्या कागदाचं कवच होतं. ते इंग्लंडनं सोडून दिल्यावर १८८८ मध्ये फ्रान्सनं ती बेटं घेतली, तर राइआतेआचा तेराउपोओ हा सरदार १८९७ पर्यंत लढत राहिला. पकडल्यावर त्याला न्यू कॅलेडोनियाला हद्दपार केलं. त्याच्याबद्दल मला कोणी प्रश्न विचारत नाही.

पाचवा पोमारे १२ जून १८९१ ला वारला. चित्रकार गोगँ त्याच आठवड्यात पापेएतेला उतरला होता, त्यानं अंत्ययात्रा पाहिली. त्याच वर्षी अमेरिकन इतिहासकार हेन्री अ‍ॅडम्स ताहितीत आरीइताईमाईच्या तोंडून पापाराच्या कुळाच्या कहाण्या उतरवून घेत होता. याचा परिणाम आपल्या वाचनावर होतो. पोमारेंचं कौतुक जिथं दिसतं ते बहुधा मिशनऱ्यांच्या कागदांतून आलेलं असतं, आणि पोमारे उपटसुंभ होते हे जिथं दिसतं ते पापाराच्या ओसरीवरून. दोन्ही पक्षकार आहेत. मी दोन्ही वाचतो आणि तारखा जुळवतो.

आरुएला समुद्राकाठी पोवळ्याच्या दगडांची समाधी आहे, टोकाला एक कलश. तो कलश नसून राजाच्या आवडत्या मद्याची बाटली आहे, असं तिथं येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं जातं. खरं तर ही समाधी बांधली होती राणीसाठी. मुलाला ठेवायचं म्हणून तिचे अवशेष तिथून हलवले. बाटलीची गोष्ट ऐकून परतणाऱ्यांना हे बहुधा कळत नाही.

२९ जून हा फ्रेंच पॉलिनेशियात स्वायत्तता दिन म्हणून साजरा होत आला आहे. १९८४ च्या स्वायत्ततेच्या कायद्यानंतर हीच तारीख निवडली गेली. त्या दिवशी पापेएतेत संचलन असे. स्वातंत्र्यवादी पक्ष त्यात जात नसत. त्यांच्या लेखी तो सुतकाचा दिवस आहे.